तुम्ही बघितले का हो फोटो?

रोलच्या काळात उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साताऱ्याला मामांच्या स्टुडिओत काउंटरवर बसायचो. धुवायला टाकलेला रोल प्रिंट होऊन आला की गिऱ्हाईक पाकीट हातात घ्यायचं, आजूबाजूला बघायचं आणि हळूच विचारायचं, "तुम्ही बघितले का हो फोटो?" मामा सांगायचे, "रंग तपासायला बघावेच लागतात." मग अर्ध्या मिनिटाने, पाकीट न उघडताच, दुसरा प्रश्न यायचा, "बरे आलेत का?"

कुणी बघितले याचा संकोच आणि कुणीतरी बरे म्हणावं ही ओढ, दोन्ही एकाच माणसाच्या पोटात. मामांनंतर दुकान माझ्याकडे आलं. रोल गेले, पाकिटं जवळजवळ गेली, पण तो संकोच तसाच राहिला आहे. आठ-आठ हजार फोटो खिशात घेऊन माणसं येतात, एखादा फ्रेम करायचा म्हणून मोबाइल उघडतात आणि मी जरा डोकावलो की स्क्रीन स्वतःकडे वळवतात. "दाखवा की," म्हटलं की कारणं सुरू होतात. ती ऐकून ऐकून मला पाठ झाली आहेत. त्यांतली बहुतेक वस्तुस्थितीला धरून नाहीत. एक मात्र खरं आहे, ते शेवटी सांगतो.

गैरसमज : जाणत्या माणसाचा प्रत्येक फोटो चांगला येतो, माझे शंभरात दोन येतात

शंभरात दोन येत असतील तर तुमचं झकास चाललंय. रॉबर्ट फ्रँक हा मूळचा स्वित्झर्लंडचा फोटोग्राफर. १९५५ मध्ये त्याला गुगेनहाइम फाउंडेशनची फेलोशिप मिळाली आणि तो जुन्या गाडीतून अमेरिकाभर हिंडला. ७६७ रोल संपवले, फ्रेम भरल्या सत्तावीस हजारांच्या वर. त्यातून 'द अमेरिकन्स' हे पुस्तक झालं, १९५८ मध्ये पॅरिसला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. आज ते फोटोग्राफीच्या अभ्यासातलं मानाचं पुस्तक आहे. त्यात फोटो किती? ८३. लॅबवाल्याच्या हिशेबात सांगायचं तर नऊ रोल धुवावेत तेव्हा एक फोटो.

आपण दुसऱ्याचे ते ८३ बघतो आणि आपल्या सत्तावीस हजारांशी ताडतो. त्याचे उरलेले फोटो कुणी आपल्याला दाखवत नाही, आपले उरलेले मात्र रोज गॅलरीत समोर येतात.

मामा ट्यूबलाइटसमोर निगेटिव्हची पट्टी धरायचे आणि कडेचे आकडे कागदावर लिहून घ्यायचे : ७, १२, १२ए, ३१. छत्तीसच्या रोलमधले तेवढेच मोठे करायचे. बाकीच्यांत नवरीचे डोळे मिटलेले, मध्येच कुणाचा तरी कोपर, अक्षता टाकणाऱ्या काकांची नुसती पाठ. लग्नघरच्यांना वाटायचं, मामांचा हात चांगला आहे. हात बरा होताच, पण खरं काम त्या ट्यूबलाइटखाली व्हायचं.

'माझे फोटो चांगले आहेत का?' या प्रश्नाला उत्तरच नाही, म्हणून तो छळतो. 'या बारांतला कोणता ठेवू?' याला उत्तर असतं, आणि ते बऱ्याचदा आपल्याकडे नसून समोरच्याकडे असतं. दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन आले. रोज सकाळी घराच्या गच्चीवरून अजिंक्यताऱ्याचा एक फोटो, असे सहाशेच्या वर. "सगळे एकसारखेच आहेत हो, कुणाला काय दाखवायचे?" म्हणाले. आम्ही बारा निवडले, चार बाय सहात काढले आणि काउंटरच्या काचेवर मांडले. एकात किल्ला उन्हात, एकात धुक्यावर नुसता माथा तरंगतोय, एका फोटोत राखाडी पाऊस सोडून काहीच नाही. गुरुजींनी तो उचलून बाजूला ठेवला. "यात किल्लाच नाही." पासपोर्ट फोटोसाठी थांबलेल्या एक बाई वाकून बघत होत्या. त्यांनी बरोबर त्याच फोटोवर बोट ठेवलं. "आमच्या खिडकीतनंपण जुलैत असाच दिसतो. म्हणजे दिसतच नाही."

गुरुजींनी तो फोटो परत रांगेत ठेवला, मधोमध. सहाशेंत त्यांना जे दिसलं नव्हतं ते पासपोर्टवाल्या बाईंना मिनिटभरात दिसलं, कारण त्यांच्या डोक्यात किल्ल्याचा चांगला फोटो कसा असतो याचं काही ठरलेलं नव्हतं.

गैरसमज : साधा मोबाइलच आहे माझ्याकडे

हे गणिताने सुटतं. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तरी तेरा बाय दहा इंचांची स्वच्छ प्रिंट निघते. भिंतीवरच्या फ्रेमला आणखी काय हवं? बिघडतं ते फोटो व्हॉट्सॲपवरून फिरून आल्यावर, कारण तिथे तो दाबून लहान केला जातो. प्रिंटसाठी पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मोबाइल स्वस्त आहे म्हणून फोटो खराब आला असं सांगणारे जितके येतात, त्याहून जास्त लोकांची लेन्स नुसती पुसायची राहिलेली असते.

गैरसमज : हललेला, धूसर फोटो दाखवायचा नसतो

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ मध्ये कलकत्त्याला जन्मली. इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर १८६३ च्या डिसेंबरात लेक-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. वय तेव्हा ४८. तिचे चेहरे धूसर असत, काचेच्या निगेटिव्हवर ओरखडे आणि बोटांचे ठसेही राहत. फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी तिला चांगलंच झोडपलं. तिने तरीही प्रदर्शनांत फोटो पाठवणं थांबवलं नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ मध्ये तिचे फोटो विकत घेतले, आणि १८६८ मध्ये तिला स्टुडिओसाठी दोन खोल्या दिल्या. आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ते हेच. टीका करणाऱ्यांची नावं आज अभ्यासकांनाच शोधावी लागतात.

म्हणून प्रत्येक हललेला फोटो कला होत नाही, हेही खरं. धूसरपणामुळे फोटोत काही भर पडते की काही निसटतं, एवढं बघायचं. आजी हसताना मान हलली आणि चेहरा पुसट झाला, तो ठेवा. आजी स्थिर, कॅमेरा हलला आणि मागचं कपाट तेवढं स्पष्ट आलं, तो काढून टाका.

गैरसमज : सगळे बघतील आणि हसतील

सगळे बघतच नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, तरुणांना घालायला ओशाळवाणं वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं, जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. आपल्या फोटोतलं वाकडं क्षितिज आपल्याला रात्री झोप लागू देत नाही, बघणाऱ्याने तेव्हा फक्त समुद्र बघितलेला असतो.

आणि जे बघतात ते पुष्कळदा फोटोच्या आधी नाव बघतात. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावाने. तीच नजर, तीच निगेटिव्ह, फक्त खाली नाव पुरुषाचं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. लाइक कमी पडले म्हणून फोटो काढून टाकणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं की लोकांच्या पसंतीत फोटोखेरीज बरंच काही मिसळलेलं असतं.

ज्याचा फोटो काढला त्यालाच तो आवडला नाही, हे दुखणं वेगळं. एकदा आमच्याकडून एक निगेटिव्ह उलट्या बाजूने लागली. फोटोतल्या काकू खूश : "हा पहिल्यांदा माझ्यासारखा आलाय!" सुनेने बघितलं आणि म्हणाली, "आई, पदर उजव्या खांद्यावर कसा?" काकूंना आरशातला चेहरा मिळाला होता. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात हेच दिसलं : माणसाला स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो जास्त आवडतो, त्याच्या जवळच्यांना सुलटा. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं. तेव्हा बहीण "शी, मी अशी दिसते?" म्हणाली तर तो तुमच्या हाताचा दोष नव्हे. तिच्या आईला विचारा.

गैरसमज : अजून थोडं शिकून घेतो, मग दाखवीन

या 'मग'चं टोक म्हणजे व्हिव्हियन मायर. शिकागोत लोकांची मुलं सांभाळणारी आया, फावल्या वेळात रस्त्यावरचे फोटो काढायची. लाखभराच्या वर निगेटिव्ह, आणि शेकडो रोल न धुतलेलेच. जवळजवळ कुणाला काही दाखवलं नाही. २००७ मध्ये भाडं थकलं म्हणून तिच्या भाड्याच्या गोदामातलं सामान लिलावात गेलं, त्यात या निगेटिव्हचे खोके होते. २००९ च्या एप्रिलमध्ये ती वारली आणि त्याच वर्षी तिचे फोटो जगभर पोहोचले. तिची थोरवी सांगताना लोक या भागात फार रमतात. मला त्यातली दुसरी गोष्ट खटकते. आज जे फोटो व्हिव्हियन मायरचे म्हणून आपण बघतो ते तिने निवडलेले नाहीत. कुठला मोठा करायचा, कुठला टाकायचा, हे खोके विकत घेणाऱ्यांनी ठरवलं. मृत्युपत्र नव्हतं, म्हणून हक्कांवरून कोर्टकज्जेही झाले. आपण निवडलं नाही तर कुणीतरी निवडतंच, निदान जुना मोबाइल विकताना तरी.

दाखवता दाखवता शिकायची रीत आपल्याकडे नवी नाही. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. पंधराच वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि हौशी मंडळी एकमेकांचे फोटो बघायला जमू लागली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीचे सभासद. धंद्याने डॉक्टर, फोटोग्राफीचा नाद.

गैरसमज : एकदा टाकला की फोटो आपला राहत नाही

राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणारा, आणि हक्कासाठी नोंदणी करावी लागत नाही. काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं तो हक्क टिकतो. पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेला फोटो मात्र, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. समाजमाध्यमांवर टाकताना आपण त्यांना वापराची परवानगी देतो, मालकी देत नाही. चोरी होते, नाही असं नाही. त्यासाठी मोठी फाइल स्वतःकडे ठेवावी आणि लहान दाखवावी.

आता ती खरी शंका. फोटोत दुसरं माणूस आहे, त्याला हे चालेल का? कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे १९३६ च्या मार्चमध्ये डोरोथिया लँगने एका कष्टकरी आईचा फोटो काढला. मंदीच्या काळाचं प्रतीक म्हणून तो पोस्टाच्या तिकिटापर्यंत गेला. त्या आईचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळलं १९७८ मध्ये. आपल्याला एक पैसा मिळाला नाही, हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणाल्या. लँगने कसलाही कायदा मोडला नव्हता, तरीही.

वारीत पाय चेपून घेणारी म्हातारी, दवाखान्यातला बाप, शेजाऱ्यांचं आंघोळ करणारं बाळ : हे दाखवताना हात अडखळला तर अडखळू द्या, विचारा, आणि नाही म्हटलं तर ठेवून द्या. मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल तर काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश फाइलमध्ये नोंदले जातात. मुलांच्या शाळेबाहेरचा किंवा पक्ष्याच्या घरट्याचा फोटो पुढे पाठवण्याआधी तेही बघा. भिडस्तपणातला एवढा भाग सांभाळून ठेवण्यासारखा आहे.

बाकीच्यासाठी या रविवारी एक करा. गॅलरीतून बारा फोटो काढा, तेराव्याचा मोह टाळा. प्रिंट आणून जमिनीवर मांडा आणि फोटोतलं काही कळत नाही अशा एका माणसाला बोलवा. "हा जरा हललाय हं," असं आधीच म्हणू नका. तो कुठल्या फोटोपाशी थांबतो तेवढं बघा.

चार बाय सहाची प्रिंट आजही जवळपास एका वडापावच्या पैशांत निघते. आणि पाकीट दुकानातच उघडलं तरी चालतं.