जागरण, तोल आणि नजर

ईदचा हंगाम आला की अमरावती-अकोल्यातील शिलाईच्या दुकानांतले दिवे रात्री विझत नाहीत. तरावीहनंतर गिऱ्हाईक येते, ते गेले की मशीन सुरू होते ते थेट सहेरीपर्यंत. जूनमध्ये शाळेच्या गणवेशाच्या दिवसांतही हीच स्थिती असते. जागरणाने झोप येते हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते निराळे. डोळा मिटण्याच्या बऱ्याच आधी जागरण माणसाची नजर आणि त्याचा तोल बिघडवते, आणि बहुधा त्याला स्वतःला ते कळत नाही.

प्रथम नजरेचे पाहू. थानाच्या काठावर गिरणीचे नाव छापलेले असते. थान स्थिर ठेवून आपली मान डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून थान त्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतात. असे का होते? प्रत्येक कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार तीन बारीक नळ्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की तो द्रव क्षणभर मागे रेंगाळतो, त्याची खबर मज्जातंतूंमार्फत मेंदूला जाते आणि डोळे तितकेच उलट दिशेला वळतात. या सर्वाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग पुरतो. म्हणूनच चालत्या मोटारसायकलवरून आपल्याला रस्त्यावरची पाटी वाचता येते.

ही दुरुस्ती मोजून-मापून व्हावी लागते. ती कमी झाली किंवा जास्त झाली तरी समोरचे चित्र हलते आणि गरगरल्यासारखे वाटते. जागरणाने ती नुसती मंद होत असेल असे वाटते. परंतु फ्रान्समधील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रात्रभर जागवलेल्या माणसांमध्ये ती उलट वाढलेली आढळली. लगाम सैल झालेला घोडा नेहमीच हळू चालतो असे नाही.

नजरेची दुसरी हालचाल म्हणजे उडी. काजाच्या खुणेवरून सुईवर, रस्त्यावरून आरशावर नजर उडी घेते. जागेपणी अशा उड्या सेकंदाला दोन-तीन होतात. झोप कमी पडली की या उडीचा वेग घटतो आणि ती सुरूही उशिरा होते. कारागिराच्या भाषेत सांगायचे तर हात ठरल्या वेळी पुढे जातो आणि डोळा मागून येतो. पहाटेची कटिंग का बिघडते, सुई बोटात का शिरते, याचे एक कारण येथे आहे.

तोलाचा हिशेब तीन ठिकाणच्या खबरांवर चालतो : कान, डोळे आणि पायांचे स्नायू-सांधे. जागरणानंतर सरळ उभा राहिलेला माणूसही नेहमीपेक्षा जास्त डुलतो, हे मोजून पाहिले गेले आहे. दिवसा डोळे बरेच सांभाळून घेतात. पण गोदामात उजेड कमी, वरच्या फळीवरून गठ्ठा काढायचा, खाली डगमगते स्टूल, आणि मान वर करून मागे टाकलेली! अशा वेळी डोळ्यांचा आधार सुटतो. चाँदरातीला शिडीवर चढवायचा माणूस दुपारी झोपलेला असावा, एवढे तरी मालकाने पाहिले पाहिजे.

दारूपासून दूर राहणाऱ्या आपल्या बांधवांनी पुढील आकडे ध्यानात घ्यावेत. ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी १९९७ साली दाखविले की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतके घसरते. २४ तासांनंतर सुमारे ०.१० टक्क्यांइतके. आपल्या देशात वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. नाक्यावरचे यंत्र फुंकून मद्य पकडता येते, जागरण पकडता येत नाही.

सुरतेहून माल भरून संध्याकाळी निघालेला टेम्पो पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान मलकापूर-खामगावच्या पट्ट्यात असतो, आणि नेमक्या त्याच वेळी शरीराचे घड्याळ सर्वांत खाली असते. याच महामार्गावर पुढे, अमरावती-अकोल्याच्या दरम्यान, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. काम रात्रंदिवस चालले, पण माणूस १०५ तास चालत नाही. सातशेवर माणसे होती. आपल्याकडे मात्र एकच ड्रायव्हर जातो, माल भरताना उभा राहतो आणि तोच परत येतो. दुसऱ्या माणसाची मजुरी वाचते, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

चहाचा असर दिसायला सुमारे अर्धा तास लागतो, आणि त्याने पापण्या उघड्या राहिल्या तरी झोपेची उणीव भरून निघत नाही. दुपारचा कैलुला आपल्याकडे जुनाच आहे. पंधरा-वीस मिनिटांची झोप खरोखर उपयोगी पडते. मात्र उठल्याबरोबर स्टिअरिंग किंवा कात्री हाती घेऊ नये, पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. रात्रपाळी करावीच लागली तर कटिंग रात्री दहाच्या आत उरकावी. पहाटेसाठी इस्त्री, घड्या आणि बटणे ठेवावीत. तीही डुलक्या लागेपर्यंत नको, इस्त्री तापलेली असते.

दोन-तीन रात्री पुरती झोप मिळूनही चक्कर राहिली तर जागरणाला दोष देत बसू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावे. चक्करीबरोबर एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, जीभ अडखळली, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय, जे जवळ असेल ते त्याच घटकेला गाठावे. दुकान कोण बंद करील याची वाट पाहू नये.