पाहुणा म्हणून कोल्हापुरात

मंडळी, आमच्या कबनुराहून कोल्हापूर ते लांब किती? सकाळची भाकरी खाऊन निघालेला माणूस दोन कामे उरकून दिवेलागणीला घरी परततो. त्यामुळे कोल्हापूरला जाणे हा प्रवास आहे, असे आमच्याकडे कुणाला वाटतच नाही. “जरा कोल्हापूरला जाऊन येतो,” एवढे बोलून माणूस उंबऱ्याबाहेर पडतो. कुणी अंबाबाईच्या दर्शनाला जातो, कुणी दवाखान्याला, कुणी पोराच्या प्रवेशाचे विचारायला विद्यापीठात. पण घरापासून दहा कोसांवरचे शहर असो की हजार कोसांवरचे, तिथे आपण पाहुणेच असतो. नि आपण पाहुणे आहोत हे आपल्याआधी दुसऱ्याच माणसांना कळते. त्यांतली शंभरातली नव्याण्णव माणसे भली असतात. बोलायचे आहे ते उरलेल्या एकाविषयी, आणि त्याहूनही अधिक आपल्या स्वतःविषयी.

माझीच गोष्ट सांगतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. बी. ए. झालो होतो आणि एम. ए.च्या प्रवेशासाठी शिवाजी विद्यापीठात निघालो होतो. वडील यंत्रमागावर कामाला. आईने सहाशे रुपये रुमालात बांधून दिले आणि बजावले, “पैसं आतल्या खिशात ठेव, आन् कुणाच्या हातचं काय खाऊ नगंस.” मी शहाणा! शर्टाचा खिसा फुगलेला दिसतो म्हणून रुमाल पिशवीत टाकला. त्याच पिशवीत साऱ्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला. एस. टी. स्टँडवर उतरलो, तर शेजारी उभा असलेला एक चांगल्या कपड्यांतला गृहस्थ आपुलकीने म्हणाला, “पाव्हणं, पाणी पिऊन या, पिशवी बघतो मी.” मी पाणी पिऊन आलो. गृहस्थ नव्हता नि पिशवीही नव्हती.

आता पुढे मी काय केले ते ऐका, कारण खरी चूक तिथे झाली. स्टँडवर पोलीस होता, चौकशीची खिडकी होती, चहाचे गाडे होते. मी कुणालाही काही बोललो नाही. पदवीधर माणूस, असा कसा फसला म्हणून लोक हसतील, या एका विचाराने तोंडाला कुलूप लागले. दुपारपर्यंत तिथेच एका बाकावर बसलो. वरच्या खिशात थोडी चिल्लर होती, तिच्यावर वडाप धरून घरी आलो आणि प्रवेशाची तारीख पुढे गेली म्हणून चक्क खोटे सांगितले. आठ दिवसांनी वडिलांना कळले, तोवर तारीख खरोखरच उलटून गेली होती. आमच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी मला हाताला धरून पोलीस ठाण्यात नेले, तक्रार नोंदवली, तिच्या नकलेवर दुय्यम गुणपत्रिकांचे अर्ज केले. पण वर्ष गेले ते गेलेच. ते मी मागावर घालवले. चोराने नेले सहाशे रुपये आणि काही कागद. वर्ष मात्र माझ्या गप्प बसण्याने नेले.

म्हणून म्हणतो, शहरात आपला घात करते ती भीड. विचारायची भीड, नाही म्हणायची भीड, आणि फसल्यावर सांगायची भीड. लबाड माणूस याच भिडेवर पोट भरतो.

परगावच्या माणसाला सांभाळावे लागते, ही जाण जुनी आहे. इटलीतील बोलोन्या हे विद्यापीठाचे फार जुने शहर. दूरदेशीचे विद्यार्थी तिथे येत, आणि एखाद्याने कर्ज बुडवले तर सावकार त्याच्या देशबंधू विद्यार्थ्याला धरत. तेव्हा बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने फर्मान काढले, की विद्येसाठी प्रवास करणाऱ्यास कुणी उपद्रव देऊ नये आणि दुसऱ्याचे देणे त्याच्याकडून वसूल करू नये. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. खेड्यातला पोरगा शिकायला येणार, पण शहरात त्याचे ओळखीचे छप्पर कुठे? १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकामागून एक वसतिगृहे झाली, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह आले. कोल्हापूरकर आजही त्यांना ‘बोर्डिंग’च म्हणतात. १९६२ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठाचे उद्‌घाटन झाले. त्याआधी साठ वर्षे या गावाने परक्या पोरांना घर दिले होते. अशा गावात विचारायला लाजण्याचे खरे तर काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष जाण्याचे बघू. निघण्याआधी आपले काम गावाच्या कोणत्या अंगाला आहे ते माहीत करून घ्यावे. अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, महाद्वार रोड, रंकाळा ही जुन्या गावातली ठिकाणे पश्चिमेकडे; विद्यापीठ पूर्वेकडे महामार्गाच्या बाजूला. रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एवढा नकाशा डोक्यात असला, तरी रिक्षा भलत्या दिशेला निघाली की माणसाला कळते. मीटरने येणार की ठरवून, हे बसण्याआधी विचारावे, बसल्यानंतर नव्हे. कोल्हापूरचा रिक्षावाला तसा दिलदार आहे, हेही सांगून ठेवतो. वाट विचारायची ती दुकानात बसलेल्या माणसाला विचारावी. त्याचा पत्ता पक्का असतो. रस्त्यावर आपण होऊन चिकटणाऱ्याचा नसतो.

खिसा नि दागिना जातो तो बहुधा एस. टी.त चढताना. गाडी लागली की आपण सारे दाराशी एकदम झुंबड करतो, हात वरच्या दांडीला, लक्ष जागेवर, आणि त्या अर्ध्या मिनिटात खिसेकापू आपले काम करून मोकळा होतो. बायामाणसांनी पदर गळ्याभोवती घट्ट घ्यावा आणि गर्दीचा पहिला लोंढा जाऊ द्यावा. जागा नाही मिळाली तर उभे राहून जाऊ, पण मंगळसूत्र परत यायचे नाही. नवरात्रात मंदिराच्या परिसरात, तसेच नोव्हेंबर आणि जानेवारीअखेरच्या किरणोत्सवाच्या संध्याकाळी हीच काळजी दुप्पट घ्यावी. दर्शन घडवतो, रांगेतून पुढे नेतो, म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणावे. ज्याला रांग झेपत नाही त्याला मुखदर्शनाची सोय आहे.

चोराची जात मात्र आता बदलली आहे. पूर्वी तो पिशवीजवळ उभा राही. आता तो मोबाइलवर बोलतो. “तुमच्या मुलाचे नाव यादीत खाली आहे, आजच्या आज पाच हजार पाठवा, जागा राखतो,” असा फोन येतो आणि बाप बिचारा घाबरून पैसे पाठवतो. ध्यानात घ्या, प्रवेशाचे पैसे कधी कुणा माणसाच्या खात्यात भरायचे नसतात. ते संस्थेच्या खात्यात भरायचे आणि पावती घ्यायची. शंका आली तर त्या विभागाच्या कार्यालयात समक्ष जाऊन विचारावे, तिथला शिपाईसुद्धा खरे काय ते सांगेल. तीर्थाच्या गावी भक्तनिवासाच्या खोलीसाठी आगाऊ पैसे मागणारी खोटी संकेतस्थळेही निघतात. आणखी एक. फोनवरून पैसे आपल्याला *मिळायचे* असतील तर गुप्त पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, याचा अर्थ पैसे जाणार. ओटीपीचा आकडा तर बँकेच्या माणसालाही सांगू नये. खरा बँकेचा माणूस तो विचारीतच नाही.

एवढे करूनही फसलात, तर उठा आणि बोला. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० हा आकडा फिरवावा. चोराने रक्कम काढून घेण्याआधी ती खात्यात अडवता येते, म्हणून इथे एकेका मिनिटाची किंमत आहे. माझ्यासारखे आठ दिवस थांबाल तर हाती काही लागणार नाही. इतर कोणत्याही संकटाला ११२, अपघाताला नि आजाराला १०८ ची रुग्णवाहिका. सरकारी दवाखाना म्हणाल, तर सी. पी. आर. कुठे आहे हे कोणताही कोल्हापूरकर सांगतो.

पुष्कळांना माहीत नसलेली एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. चोरी कोल्हापुरात झाली नि घरी आल्यावर ध्यानात आली, तर तक्रारीसाठी पुन्हा कोल्हापूर गाठायलाच हवे असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे, की दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कुणाचीही असो. तिची नक्कलही फुकट मिळते. “आमच्या हद्दीत नाही” असे उत्तर मिळाले तर नम्रपणे, पण ठामपणे, या कायद्याची आठवण द्यावी.

कागदपत्रांविषयी माझे मन अजून हळवे आहे, म्हणून थोडे जास्त बोलतो. अस्सल दाखले काम असेल त्या दिवशीच बरोबर न्यावेत, पैशाबरोबर एका पिशवीत कधीच नकोत. घरी त्यांच्या झेरॉक्स असाव्यात, मोबाइलमध्ये फोटो असावेत. मूळ कागद दाखवावेत, तपासून झाले की परत घ्यावेत. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांचे अस्सल दाखले अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली बजावले आहे. लॉजवर ओळखपत्राची नक्कल द्यावी लागते. तिच्यावर ‘अमुक तारखेस राहण्यासाठी’ असे आडवे लिहून द्यावे, म्हणजे ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही.

गुरुजनांना दोन शब्द. सहल घेऊन याल तेव्हा प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचे नाव आणि दोन शिक्षकांचे फोन लिहिलेली चिठ्ठी असू द्या. मोबाइलची बॅटरी संपते, चिठ्ठीची संपत नाही. चुकलेल्याने कुठे थांबायचे ते उतरल्या उतरल्या ठरवा. भवानी मंडप त्याला उत्तम, कारण तो कुणालाही विचारून सापडतो आणि जुना राजवाडा पोलीस ठाणे तिथेच आहे. मोजणी गाडीतून उतरताना नि चढताना तर कराच, पण पाण्याजवळ पोचताना आणि तिथून निघतानाही करा. पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या देखण्या आहेत, पण शेवाळलेल्या दगडावर पाय टिकत नाही. रंकाळा मूळचा दगडाची खाण होता असे सांगतात. त्याच्या काठावरून पाण्याची खोली ओळखू येत नाही. फोटो काढायला मागे मागे सरकणारा मुलगा ज्याला आधी दिसतो, तो खरा सहलीचा शिक्षक.

आणि पावसाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत ती ५० फुटांच्याही वर गेली होती आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. आमच्या बाजूच्या माणसाला कोल्हापुरात शिरायची वाट तीच. तेव्हा जुलै-ऑगस्टात घर सोडण्याआधी रेडिओवर फुटांचा आकडा ऐकावा. आकडा चढता असेल तर जाऊ नये, आणि तिथे अडकलाच तर पाण्यातून गाडी घालून घर गाठण्याचा हट्ट करू नये. एक रात्र कोल्हापुरात काढावी. देवदर्शन थांबते, प्रवेशाच्या कार्यालयातही कारण सांगता येते.

माझी पिशवी काही परत मिळाली नाही. पुढच्या वर्षी मी विद्यापीठात प्रवेश घेतला तो दुय्यम प्रतींवर. त्यांच्यावर तसा शिक्का आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत “अस्सल कुठे आहेत?” असे मला विचारले गेले. मी सारी हकीगत सांगितली. समोरचे हसले, मीही हसलो, आणि नोकरी मिळाली.