गाडी उंच करण्याआधी



आजचा विषय गाडीचा आहे. ‘हे तर माणसांचं काम’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. गाडी घरात कुणीही चालवो, कर्जाच्या कागदावर आता आपली सही असते. गटातून कर्ज उचललेलं असेल तर दहा-बारा जणींची बचत त्या चार चाकांवर फिरत असते. केंद्र सरकारने २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, ती तर बचत गटातल्या बाईने गावच्या रस्त्यावर गाडी चालवावी यासाठीच. म्हणजे गाडीचा विषय आपल्या बैठकीत कधीचाच येऊन बसला आहे.

सावनेर तालुक्यात गटांच्या बैठकांना आम्ही जातो, तेव्हा एक प्रश्न हल्ली पुन्हा पुन्हा ऐकू येतो. पोरगा म्हणतो, बोलेरो उंच करून घेऊ. गॅरेजवाले भाऊ म्हणतात, ताई, दोन पाटे वाढवून देतो, पांदणीत कुठं टेकणार नाही. पोराने मोबाईलवर उंच केलेल्या थार पाहिलेल्या असतात, मोठमोठ्या टायरांच्या. पैसे मागायला मात्र तो आईकडे येतो. आईने हो म्हणावं का? म्हटलं तर नेमकं काय करून घ्यावं? तेच आज समजून घेऊ.

गाडी जाते कुठे, हे आधी लिहा

आपली गाडी रोज कुठे धावते? केळवदहून सावनेर, सावनेरहून पाटणसावंगीचा टोलनाका ओलांडून नागपूर, कधी शनिवारी सौंसरकडे जामसावळीच्या मारुतीला. हा सगळा डांबरी नाहीतर सिमेंटचा रस्ता. कच्ची वाट लागते ती वावरात जाताना, संत्र्याच्या बागेत जाताना, नाला ओलांडताना. त्यातही आंबिया बहाराची तोड जोर धरते दिवाळीच्या आसपास आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चकडे. तोवर पांदण बरीचशी वाळलेली असते. खरी अडचण पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांची.

म्हणून एक वही करा. महिनाभर रोज लिहा: डांबरावर किती किलोमीटर, कच्च्यावर किती, आणि गाडी अडली असेल तर कशाने अडली. हे तिसरं फार महत्त्वाचं. गाडी दोन प्रकारे अडते. एक, तिचं पोट दगडाला किंवा वाटेच्या मधल्या उंचवट्याला टेकतं. दोन, चाक काळ्या मातीत जागच्या जागी फिरत राहतं. पहिल्या अडचणीत उंचीचा उपयोग होतो. दुसरीत होत नाही. चिखलाने भरलेलं गुळगुळीत टायर गाडी चार बोटं उंच केल्यावरही तसंच घसरेल. तिथे खोल नक्षीचं चांगलं टायर कामाला येतं, नाहीतर पांदणीवर दोन ट्रॉली मुरूम. आपल्याकडे बहुतेक गाड्या ‘फसतात’, ‘टेकत’ कमी वेळा. महिनाभराची वही पाहिली की हे कळतं.

पाटे वाढवले म्हणजे काय उंच होतं?

गाडीची जमिनीपासूनची उंची मोजतात ती तिच्या सगळ्यांत खालच्या भागापर्यंत. बोलेरोची ही उंची साधारण १८० मिलिमीटर सांगितली जाते, २०२० मध्ये आलेल्या थारची २२६. बोलेरोखाली वाकून बघा. दोन मागच्या चाकांना जोडणारा आडवा लोखंडी एक्सल दिसेल आणि त्याच्या मधोमध एक फुगीर गोळा. तो डिफरन्शियल. मागून बघितलं तर सगळ्यांत खाली तोच लोंबतो.

आता लक्ष देऊन ऐका. एक्सल चाकांवर बसलेला आहे. कमान, म्हणजे पाट्यांचा तो जुडगा, एक्सल आणि चेसिस यांच्या मध्ये असते. कमान उंच केली की चेसिस वर जाते, बॉडी वर जाते, सीट वर जाते. एक्सल आणि तो गोळा होता तिथेच राहतो. वाटेतला दगड त्या गोळ्याला लागत असेल तर पाटे वाढवूनही लागेल.

गोळा वर उचलायचा तर चाक मोठं करावं लागतं, आणि तेही निम्म्याच हिशोबाने. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर भरतो. त्याच रिमवर २३५/७५ चं टायर चढवलं तर व्यास ७३३. तीस मिलिमीटर वाढले, पण एक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळे तो वर गेला फक्त पंधरा. एवढ्यासाठी मीटरही चुकायला लागतं: काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वर पळत असेल. वळणावर टायर बॉडीला घासतं का, हेही पाहावं लागतं.

गॅरेजमध्ये काय काय सुचवतात

बसलेली कमान पूर्ववत करणं. दहा वर्षं ओझं वाहून पाटे सपाट झालेले असतात. ते नवीन बसवले किंवा चांगल्या कारागिराकडून पुन्हा वाक देऊन घेतले, बुश बदलले, शॉकअप बदलले, तर गाडी कंपनीच्या मूळ उंचीवर परत येते. बऱ्याच घरी ‘गाडी खाली टेकते’ या तक्रारीचं कारण एवढंच असतं. यात बदल कुठलाच नाही, ही दुरुस्ती आहे.

एक पाटा जास्त टाकणं. ओझ्याखाली गाडी कमी बसते, हे खरं. पण कमान कडक होते. रिकामी गाडी खड्ड्यात उडते, मागचं चाक क्षणभर जमीन सोडतं, आणि त्याच क्षणी ब्रेक मारला तर पकड मिळत नाही. रोज पूर्ण ओझं असणाऱ्या गाडीला हे एक वेळ ठीक, माणसं नेणाऱ्या गाडीला नाही.

लांब शॅकल. कमानीचं एक टोक ज्या पट्टीत लटकतं ती पट्टी लांब करतात. चार इंच वाढवली तर गाडी साधारण दोनच इंच उचलते. जुन्या जीपच्या पुढच्या कमानीला असं केलं तर चाकांचा मूळ कल बदलतो, स्टिअरिंग सरळ राहत नाही, हायवेवर गाडी डावी-उजवीकडे भटकते.

ठोकळा. एक्सल आणि कमान यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळतात. स्वस्त पडतं म्हणून हेच जास्त सुचवलं जातं. पुढच्या एक्सलला ठोकळा कधीच नको. मागेही जेवढा उंच ठोकळा तेवढी ब्रेकच्या वेळी एक्सलची पिळवटण जास्त.

स्प्रिंगवर चकती. पुढच्या बाजूला गोल स्प्रिंग असते तिथे चकती घालून गाडी उचलतात. स्प्रिंग आहे तीच राहते, पण बॉल जॉइंट नेहमीपेक्षा वाकड्या कोनात काम करतात आणि लवकर झिजतात.

पूर्ण किट. त्या गाडीसाठीच बनवलेल्या स्प्रिंग, पाटे आणि त्यांना जुळणारे शॉकअप एकत्र बदलतात. सगळ्यांत महाग हेच, आणि उंच करायचंच असेल तर त्यातल्या त्यात धड हेच. डोंगरदऱ्यांत हौसेने जाणारे लोक हे करतात, पण त्यांची गाडी बँकेच्या हप्त्यासाठी रोज नागपूरच्या फेऱ्या मारत नसते.

डांबरावर याची किंमत

गाडी वळणावर उलटते का, याचं एक सोपं गणित आहे. अमेरिकेतली सरकारी वाहन सुरक्षा संस्था हेच वापरते. डाव्या-उजव्या चाकांमधलं निम्मं अंतर घ्यायचं आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचं. उत्तर जितकं मोठं तितकी गाडी घट्ट उभी. समजा चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर. सत्तर भागिले सत्तर, उत्तर १. आता गाडी उंच केली, वर टपावर सामान बांधलं आणि गुरुत्वमध्य ८० वर गेला. उत्तर ०.८८. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, वळणही रोजचंच. समोर अचानक डुक्कर किंवा दुचाकी आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, तर हा फरक दिसतो. आत आपल्याच बाया बसलेल्या असतात.

ब्रेकचंही बघा. चेसिस वर गेली की चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. शिवाय काही गाड्यांत, विशेषतः पिकअपमध्ये, मागे एक व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर पाहून तो ओझं ओळखतो. गाडी खाली बसली तर ओझं आहे असं समजून मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. गाडी उंच केली आणि तो व्हॉल्व्ह पुन्हा जुळवला नाही, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. संत्र्याच्या क्रेट भरलेल्या पिकअपला मागचा ब्रेक कमी लागणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

हेडलाइटचा झोतही वर जातो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. आणि चढण्या-उतरण्याचं काय? तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर. लुगड्यातली म्हातारी, दवाखान्यात निघालेली गरोदर सून, गुडघे दुखणारी आपली अध्यक्ष ताई, यांना प्रत्येक फेरीला तेवढं जास्त चढावं लागतं. गाडी उंच करताना त्यांना कुणी विचारत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगीत न बसणारा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शब्द ‘मालक’ आहे, मैत्रिणींनो. गाडी ज्या ताईच्या नावावर, जबाबदारी तिची. गॅरेजवाल्याची सही त्या कागदावर कुठेच नसते.

भाड्याच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तिथे असा बदल अडवला गेला तर गाडी उभी राहते, हप्ता मात्र थांबत नाही. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे अपघाताचा दावाही अडकू शकतो. तेव्हा काहीही करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीचं उत्तरही लेखीच घ्या.

मग निवडायचं काय?

आम्ही गटांना हा क्रम सांगतो. आधी महिन्याची वही. मग सपाट जमिनीवर, रिकाम्या गाडीची चारही चाकांजवळची उंची टेपने मोजा, म्हणजे चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. डावी-उजवी बाजू सारखी नसेल किंवा मागचा भाग बसलेला असेल, तर पैसे मूळ मापाच्या कमानीत, बुशमध्ये आणि शॉकअपमध्ये घाला. चिखलात फसत असेल तर गाडीच्या पुस्तिकेतल्याच मापाचं, पण खोल नक्षीचं टायर घ्या. खालून दगड लागत असेल तर इंजिनखाली लोखंडी पत्रा लावण्याबद्दल विचारा. पांदणीचा प्रश्न ग्रामसभेत मांडा; २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली गेली ती त्यासाठीच. बहुतेक घरांचं काम एवढ्यावर भागतं. ज्यांची वही खरोखरच अर्ध्याहून जास्त कच्चा रस्ता आणि पोट टेकणं दाखवते, त्यांनीच पुढचा विचार करावा, आणि तोही परवानगी हातात आल्यावर, जुळलेल्या पूर्ण किटचा.

गॅरेजमध्ये जाताना पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. नेमकं किती इंच उचलणार? शॉकअप त्याला जुळणारे बदलणार का? ब्रेकचा पाइप आणि मागचा व्हॉल्व्ह तपासणार का? नंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइट जुळवून देणार का? आणि हे सगळं पक्क्या बिलावर लिहून देणार का? पाचव्या प्रश्नाला जिथे टाळाटाळ होईल तिथून चहा पिऊन परत या.

एक शेवटचं. गाडीसाठी कर्ज देताना गटाच्या ठरावात एक ओळ घाला: कर्ज फिटेपर्यंत गाडीत कोणताही बदल बैठकीत मांडल्याशिवाय करायचा नाही. पोरगा थोडा फुरंगटेल. त्याला बैठकीला बोलवा, गाडीखाली वाकून तो गोळा दाखवायला सांगा, आणि पाटे वाढवल्यावर तो किती वर जाईल ते त्यालाच विचारा.