आधी थांबणं, मग धावणं

मंडळी, चिकूची पेटी कुणासाठी थांबत नाही. झाडावरून उतरवलेलं फळ थोड्याच दिवसांत मऊ पडतं आणि वेळेवर बाजारात पोचलं नाही तर कवडीमोल होतं. डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यातल्या वाडीवाल्यांना हे मी सांगायला नको. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं नाव झालं. पण वाडीतून फळ बाहेर काढते ती दारात उभी असलेली जुनी पिकअपच. झाईची मासळी, तलासरीकडचं गवत, विटा, भाजी, लग्नाचा मंडप, सगळं तिच्याच पाठीवर.

डहाणू-चारोटी रस्त्यावर तीसेक वर्षं माझं गॅरेज आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पाटीवर अजून ठाण्याचा ०४ आकडा आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्याच्या आधीच्या या गाड्या. मालक येतो, बॉनेटवर हात ठेवतो आणि विचारतो, "मिस्त्री, हिच्यावर अजून पैसे घालू की काढून टाकू?" आज याच प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

पिकअपची दुखणी समजून घ्यायची तर गाडीचे तीन भाग करा: ओढणारा, वाहणारा आणि थांबवणारा. ओढणारा म्हणजे इंजिन आणि क्लच, वाहणारा म्हणजे चासी आणि पाटे, थांबवणारा म्हणजे ब्रेक. आपण पैसे याच क्रमाने घालतो. इथेच आपलं चुकतं.

आधी इंजिन. डिझेल इंजिन जाता जाता धुराने बोलतं. काळा धूर म्हणजे बहुधा एअर फिल्टर तुंबलाय किंवा नोझल नीट फवारत नाहीत. हे दुखणं स्वस्त. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं गेली. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होऊ लागलं, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

हेड गॅस्केट जळण्याचं कारण पुष्कळदा पाण्यातच असतं. बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतत गेलं की नळ्यांना आतून क्षार धरतात, चहाच्या पातेल्याला धरतात तसेच. मग इंजिन तापतं. तापतं म्हणून काही जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त खातं आणि आतून झिजतं. क्षार मात्र जागच्या जागीच राहतात. वेळेवर कूलंट घातलं तर काही शेकड्यांत भागतं. रेडिएटर साफ करायला हजार-दीड हजार. हेड उतरवायची पाळी आली तर बारा ते वीस हजार, आणि पूर्ण इंजिन बांधायचं म्हटलं तर पन्नास हजारांच्या पुढे. हे आकडे माझ्या गॅरेजच्या अंदाजाचे, गाडी आणि पार्टप्रमाणे कमीजास्त होतात. पण शेकडा, हजार आणि अर्धा लाख या पायऱ्या कुठेही त्याच.

क्लचची गोष्ट वेगळी. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही, तेव्हा प्लेट संपलेली असते. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून साधारण आठ ते बारा हजार जातात. चालवताना डावा पाय पेडलवरून उचलून ठेवला तर हाच क्लच कितीतरी जास्त चालतो.

आता चासी आणि पाटे. आपल्याकडे चासीला दोन शत्रू आहेत, खारं पाणी आणि जादा माल. मासळीच्या पेट्यांतला बर्फ वितळतो, ते खारट पाणी फळ्यांतून खाली झिरपतं आणि चासीच्या पोकळीत साठतं. वरून रंग चकचकीत दिसतो, आत पत्रा पापडासारखा झालेला असतो. मासळीच्या फेरीनंतर खालून गोड्या पाण्याने गाडी धुवायला फक्त पाव तास लागतो. हा पाव तास कुणी काढत नाही.

जादा मालाचं असं, की गाडी मागून बसायला लागली की मालक म्हणतो, "एक पाटा वाढवा." पाटा वाढवला की गाडी उंच दिसते आणि माणसाला वाटतं तिची ताकद वाढली. पण वाढलेले असतात फक्त पाटे. चासी, हबचे बेअरिंग, टायर, क्लच आणि ब्रेक कंपनीने दिले तेवढेच राहतात. आधी जो धक्का पाटा गिळत होता तो आता चासीला बसतो आणि पाटा जिथे अडकवतात त्या ब्रॅकेटपाशी तडा जातो. शिवाय २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनंतर जादा मालाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार दंड आहे. एका पावतीत महिन्याची कमाई जाऊ शकते.

शेवटी ब्रेक. इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगायची आहे. ती मी फारशी कुणाला सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडचा एक तरुण गाडी घेऊन आला. सीटची नवी कव्हरं, गाण्याची नवी पेटी, मागे एक जादा पाटा. ब्रेक दाबला की पेडल खाली बसत होतं. मी म्हटलं, "अरे, लायनर संपलेत, मागचं सिलिंडर गळतंय. काम कर आधी." तो म्हणाला, "मिस्त्री, लग्नाचं भाडं आहे. परवा येतो, तेव्हा करू." मी ब्रेक ऑइल भरलं, एअर काढली आणि गाडी जाऊ दिली. माझी चूक ती.

परतीला जव्हारकडून उतरताना त्याने डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलवर सोडली. मागे वऱ्हाडाची अकरा माणसं उभी होती. पहिल्या वळणाला ब्रेक लागला, दुसऱ्याला कमी लागला, तिसऱ्याला पेडल दगडासारखं झालं. सुदैवाने गाडी दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या मातीत घुसली. कुणी दगावलं नाही. एका बाईचा हात मात्र मोडला आणि कायमचा वाकडा राहिला.

असं का झालं ते नीट समजून घ्या. पिकअपच्या ब्रेकला पायाच्या जोडीला बूस्टरची मदत असते. बूस्टर चालतो निर्वातावर, आणि डिझेल गाडीत तो निर्वात तयार करणारा पंप इंजिनच्या जोरावर फिरतो. इंजिन बंद केलं की बूस्टरमध्ये उरलेल्या निर्वातावर एक-दोनदा ब्रेक लागतो, पुढे सगळा भार नुसत्या पायावर. त्यात गाडी न्यूट्रलवर असली की इंजिनाची ओढही मिळत नाही. म्हणून घाटात ज्या गिअरने चढता साधारण त्याच गिअरने उतरा. ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. ओलावा शिरलेलं ऑइल उतारावर तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागतं. आपल्या पावसाळी, दमट भागात दर दोन वर्षांनी तरी ते पूर्ण बदलायला हवं.

लायनर, सिलिंडर, मास्टरचं किट आणि ऑइल मिळून ब्रेकचं काम पाच ते आठ हजारांत होतं. त्या तरुणाच्या गाण्याच्या पेटीला साधारण तेवढेच लागले होते.

आणखी एक गोष्ट, कारण आपल्याकडे मजुरांना, यात्रेकरूंना, वऱ्हाडाला सर्रास पिकअपमधून नेतात. गाडी मालाची आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात निकाल दिला की मालवाहू गाडीतून नुसतं प्रवासी म्हणून जाणाऱ्यांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस, एवढाच काय तो वेगळा. म्हणजे महालक्ष्मीच्या जत्रेला मागे वीस जण उभे करून नेले आणि काही घडलं, तर भरपाई गाडीमालकाच्या घरादारावर येऊ शकते, आणि जखमी माणसाच्या हाती बहुधा काहीच लागत नाही.

आता मूळ प्रश्न. पैसे घालू की काढून टाकू? मी आधी गाडीखाली जातो आणि हातोडीने चासीवर ठोकतो. आवाज भरीव आला आणि तडा नसला तर गाडी ठेवा. मग पैसे घालायचा क्रम असा: पहिल्यांदा ब्रेक, मग स्टिअरिंग आणि टायर, मग रेडिएटर, त्यानंतर क्लच आणि इंजिन. रंग आणि गाणी सगळ्यांत शेवटी. चासी दोन-तीन ठिकाणी तडकली असेल, पत्रा हाताने तुटत असेल, तर इंजिन कितीही गोड चालू दे, तिच्यावर रुपया घालू नका. गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि पंधरा वर्षांपुढच्या मालवाहू गाड्यांचं पासिंगचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं आहे. तेही हिशेबात धरा.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. ब्रेक गळत असलेली गाडी माझ्या दारातून बाहेर जात नाही. पैसे नसतील तर उधारीवर करून देतो. काही उधाऱ्या बुडतात. गिऱ्हाईक चिडतं, दुसऱ्या गॅरेजला जातो म्हणतं, एखादा जातोही.

तो तरुण मात्र अजून माझ्याकडेच येतो. गाडी उभी केली की काही बोलायच्या आधी खाली वाकून मागची चाकं बघतो, कुठे ओल दिसते का म्हणून.

(रेडिओवरील भाषणावरून संपादित)