महादजी शिंद्यांचा परदेशी सेनापति



चिंचवडाहून लोणावळ्याकडे आगगाडीनें जाऊं लागलें कीं तळेगांव मागें पडल्यावर वडगांवचें स्टेशन येतें. गाडी तेथें फार वेळ थांबत नाहीं, आणि बहुतेक उतारू खिडकीबाहेर पाहातही नाहींत. मी शाळेंत इतिहास शिकवीत असतांना या स्टेशनाचें नांव मुलांस मुद्दाम विचारीत असें. १७७९ च्या जानेवारींत राघोबादादास पुण्याच्या कारभारावर बसविण्याकरितां मुंबईहून निघालेल्या इंग्रजी फौजेला मराठ्यांनीं येथें कोंडलें आणि तिच्याकडून तह लिहून घेतला. शत्रूच्या हातीं दाणावैरण लागूं नये म्हणून त्या वेळीं तळेगांव जाळण्यांत आलें होतें. इंग्रज आणखी पुढें सरकले असते तर चिंचवड आणि खुद्द पुणेंही जाळावयाची तयारी होती, असें इतिहासकार सांगतात. म्हणजे आमचें गांव त्या आगींतून थोडक्यांत वांचलें.

या विजयाचे एक मोठे धनी महादजी शिंदे. त्यांच्या पदरीं पुढें एक परदेशी सेनापति आला, त्याची हकीकत आज मी सांगणार आहें. परंतु महादजीला परदेशी सेनापतीची गरज कां भासली, हें कळण्यासाठीं वडगांवीं काय घडलें तें आधीं पाहिलें पाहिजे. मराठ्यांचा जय जुन्या पद्धतीनें झाला. मुलूख उजाड करावयाचा, रसद तोडावयाची आणि घोडेस्वारांनीं चोहोंकडून वेढावयाचें, ही ती पद्धत. तथापि इंग्रज रात्रीं माघार घेऊं लागले, तेव्हां कप्तान हार्टले याच्या हाताखालील पिछाडीच्या पलटणीनें आपली रांग मोडूं दिली नाहीं. हल्ल्यामागून हल्ले झाले, तरी ती बंदुका भरीत व झाडीत शिस्तीनें मागें सरत राहिली. हे शिपाई कांहीं विलायतेहून आलेले नव्हते. बहुतेक आपल्याच देशांतले होते. पुढील वर्षीं, १७८० च्या ऑगस्टांत, इंग्रजांच्या एका लहान फौजेनें ग्वाल्हेरचा अवघड किल्ला रात्रीं शिड्या लावून घेतला, आणि १७८१ मध्यें कॅमॅक नांवाच्या इंग्रज सरदारानें महादजीच्या छावणीवर रात्रीं छापा घालून तोफा नेल्या. महादजी पानिपतचा जखमी वीर. इब्राहिमखान गारद्याचें कवायती पायदळ तेथें कसें लढलें हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. घोडदळानें मुलूख व्यापतां येतो, पण तोफांच्या आश्रयानें एका जागीं पाय रोवून उभें राहणारें पायदळ नसेल तर यापुढें निभाव लागणार नाहीं, ही गोष्ट त्यानें ओळखली.

असें पायदळ त्याला ज्यानें तयार करून दिलें, तो बन्वा डी बॉयन. मराठी पुस्तकांतून हें नांव निरनिराळ्या तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें. त्याचा जन्म १७५१ मध्यें शांबेरी या गांवीं झाला. हें गांव सव्हॉय प्रांतांत, म्हणजे स्वित्झर्लंडास लागून असलेल्या डोंगराळ मुलखांत आहे. त्या भागांत जमीन थोडी आणि खाणारीं तोंडें फार. त्यामुळें तेथील व स्वित्झर्लंडांतील तरुण पिढ्यानुपिढ्या परक्या राजांच्या लष्करांत पगारी शिपाई म्हणून जात. हिंदुस्थानांतही असे लोक आले. स्वित्झर्लंडांतील लोझान गांवचा पोलिए हा लखनौच्या दरबारीं वावरला; द म्यूरोन याची स्विस पलटण १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणच्या वेढ्यांत इंग्रजांच्या बाजूनें लढली. शिपाईगिरी हा त्यांच्या दृष्टीनें सुतारकी-लोहारकीसारखा एक धंदा होता. ज्याचा पगार घ्यावा त्याचें काम चोख करावें, आणि मुदत संपली कीं घरची वाट धरावी, असा त्या धंद्याचा धर्म होता. डी बॉयनचें सारें चरित्र या धर्माला धरून आहे.

त्याचा बाप कातड्यांचा व्यापारी होता. मुलानें व्यापार न करितां फ्रेंच लष्करांतील आयरिश पलटणींत नोकरी धरली. तेथें बढती मिळेना, म्हणून तो रशियाच्या बाजूनें तुर्कांशीं लढावयास गेला व तुर्कांच्या कैदेंत पडला. सुटका झाल्यावर मिसर देशाच्या मार्गानें तो १७७८ मध्यें मद्रासेस आला आणि इंग्रज कंपनीच्या फौजेंत कनिष्ठ अधिकारी झाला. १७८२ मध्यें ती नोकरी सोडून तो कलकत्त्यास व तेथून लखनौस गेला. तेथें त्यानें फारशी व हिंदुस्थानी या भाषा शिकून घेतल्या.

महादजीशीं त्याची गांठ कशी पडली याची कथा मोठी मौजेची आहे. महादजी ग्वाल्हेरच्या वेढ्यांत गुंतला असतां डी बॉयन त्या बाजूस आला, आणि मराठ्यांच्या लोकांनीं त्याचें सामानसुमान लुटलें. तेव्हां संतापून त्यानें महादजीचा शत्रु जो गोहदचा राणा, त्याला वेढा उठविण्याची एक युक्ति कळविली. राण्यानें ती स्वीकारली नाहीं. उलट तिचा बोभाटा झाला. महादजीच्या कानीं ती बातमी गेली, तेव्हां हा मनुष्य शत्रूकडे जाण्याऐवजीं आपल्याकडे असावा, असें त्याच्या मनानें घेतलें. १७८४ मध्यें करार ठरला. ८५० शिपायांची एक, अशा दोन पलटणी डी बॉयननें उभ्या कराव्या. त्याला स्वतःस दरमहा १,००० रुपये आणि दर शिपायामागें ८ रुपये मिळावे. डी बॉयननें आपली म्हणून एकच अट घातली: इंग्रजांविरुद्ध आपण हत्यार धरणार नाहीं. श्रोत्यांनीं ही अट ध्यानांत ठेवावी.

त्यानंतरच्या अकरा वर्षांत त्यानें जें काम केलें तें खरोखर थक्क करणारें आहे. त्या काळीं फौजेचा पगार महिनेच्या महिने तुंबे, आणि शिपाई सरदाराच्या दारीं धरणें धरून बसत. डी बॉयनच्या पलटणींना ठरल्या दिवशीं पगार मिळे. त्यासाठीं महादजीनें पुढें त्याला गंगायमुनांच्या दुआबांत स्वतंत्र मुलूख तोडून दिला; अलीगड हें त्याचें मुख्य ठाणें होतें. आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखालीं तोफा ओतल्या जाऊं लागल्या. लढाईंत जखमी झालेल्यांची शुश्रूषा होई आणि पंगु झालेल्यांच्या पोटापाण्याची तजवीज होई. शिपाई जीव तोडून लढत, त्याचें रहस्य कवायतीइतकेंच या व्यवस्थेंतही होतें.

१७८७ मध्यें लालसोटच्या मोहिमेंत महादजीवर मोठें संकट आलें. बादशाही पलटणी फितून शत्रूस मिळाल्या आणि त्याला माघार घ्यावी लागली. तरीही राठोड घोडेस्वारांचा लोंढा डी बॉयनच्या दोन पलटणींनीं अंगावर झेलला व परतविला. दुसऱ्या वर्षीं आग्र्याच्या लढाईंतही त्यांनीं नांव मिळविलें. मग पलटणी वाढवाव्या अशी त्याची मागणी महादजीनें मान्य केली नाहीं, म्हणून तो नोकरी सोडून लखनौस व्यापार करावयास गेला. थोड्याच काळांत महादजीनें त्याला परत बोलाविलें आणि १० पलटणींचा पहिला कंपू उभारावयास सांगितलें. या कंपूनें २० जून १७९० रोजीं पाटण येथें इस्माईल बेग व रजपूत यांच्या एकवटलेल्या सैन्याचा मोड केला आणि शंभरावर तोफा हस्तगत केल्या. १० सप्टेंबरला मेडत्यास राठोडांच्या छावणीवर पहाटे हल्ला झाला. राठोड केवळ शौर्याच्या बळावर पुनःपुन्हां तुटून पडले. परंतु पायदळानें चौकोन करून चारी बाजूंनीं बंदुकांचा मारा चालविला, तेव्हां त्या शौर्याचा इलाज चालला नाहीं. पुढें असे तीन कंपू झाले. त्यांत सुमारें १८ हजार पायदळ होतें, शिवाय घोडदळ व तोफखाना. त्यांच्यावर सव्हॉयचा पांढऱ्या क्रुसाचा झेंडा फडकत असे. महादजीचा दरारा दिल्लीपासून राजपुतान्यापर्यंत बसला, तो या फौजेच्या जोरावर.

१ जून १७९३ ची लाखेरीची लढाई मात्र मराठी माणसाला अभिमानानें सांगतां येत नाहीं. एका बाजूस शिंद्यांची फौज, दुसऱ्या बाजूस तुकोजी होळकराची. होळकरानेंही एक फ्रेंच सरदार ठेवून चार पलटणी तयार केल्या होत्या, आणि त्या जवळजवळ पुऱ्या कापल्या गेल्या. आपल्या सर्व लढायांत ही अत्यंत निकराची, असें डी बॉयन म्हणत असे. दोन मराठे सरदार परक्यांकडून शिकलेली विद्या एकमेकांवर अजमावून पाहात होते.

येथें एक प्रश्न विचारला पाहिजे. या फौजेंत शिपाई कोण होते, आणि अंमलदार कोण होते? शिपाई बहुतेक दुआब, अयोध्या व रोहिलखंड या भागांतले. मराठे त्यांत थोडे. घोड्यावरून उतरून रांगेंत उभें राहणें मराठा स्वाराला कमीपणाचें वाटे. सुभेदार, जमादार येथपर्यंतचे हुद्दे देशी लोकांस मिळत. पलटणीचा व कंपूचा अधिकार मात्र फ्रेंच, स्कॉच, इंग्रज, डच अशा परदेशी मंडळींच्या हातीं राही. पलटण केव्हां पुढें घालावी, तोफा कोठें मांडाव्या, हा निर्णय करण्याची विद्या त्यांच्यापाशींच राहिली. ती आपल्या लोकांना येण्याजोगी नव्हती असें म्हणावें, तर इब्राहिमखान गारद्याचें उदाहरण डोळ्यांपुढें होतें. तो याच देशांतला. फ्रेंचांच्या हाताखालीं शिकला, पायदळ आणि तोफखाना दोन्ही चालवूं लागला, आणि पानिपतावर भाऊसाहेबांशीं शेवटपर्यंत इमानानें राहिला. परंतु असे दहा इब्राहिमखान तयार करण्याची शाळा कोणी काढली नाहीं.

महादजीला यासाठीं सर्वस्वी दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. त्याच्यापुढें एकामागून एक लढाया उभ्या होत्या. तयार विद्या विकत मिळत असतां ती शिकवीत बसण्यास त्याला सवड नव्हती. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस त्याचा अंत झाला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस प्रकृति बिघडल्यामुळें डी बॉयननें नोकरी सोडली. आपल्या शरीररक्षकांचें घोडदळ त्यानें जातां जातां इंग्रज कंपनीला विकलें. इंग्रजांशीं लढूं नका, त्यापेक्षां या पलटणी मोडून टाका, असा उपदेश त्यानें दौलतराव शिंद्यांस केला असें सांगतात. त्याच्यामागून पेराँ हा फ्रेंच मनुष्य सेनापति झाला.

१८०३ मध्यें इंग्रजांशीं युद्ध जुंपलें. गव्हर्नर जनरल वेलस्ली यानें जाहीरनामा काढला कीं, शिंद्यांच्या नोकरींतील ब्रिटिश अंमलदारांनीं ती सोडून यावें, त्यांची सोय लावली जाईल. कित्येक निघून गेले. पेराँनें राजीनामा देऊन इंग्रजांचा आश्रय घेतला. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला. तेथें हल्ल्याच्या टोळीला दरवाजाची वाट दाखविणारा लूकन हा कांहीं काळापूर्वीं शिंद्यांचाच अंमलदार होता. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई गेली. राहिलेल्या पलटणी १ नोव्हेंबरला लासवारीस लढल्या, त्या युरोपियन अंमलदारांवांचूनच. शिपाई आपापल्या तोफांपाशीं पडले, पण हटले नाहींत. खुद्द इंग्रज सेनापति लेक यानें लिहून ठेविलें आहे कीं, या लोकांवर फ्रेंच अंमलदार असते तर निकाल काय लागला असता तें सांगवत नाहीं. शत्रूच्या या प्रशस्तींतच आपल्या पराभवाचें कारण आहे. शिपाई तयार होता. त्याला चालविणारा आपला मनुष्य तयार केलेला नव्हता.

डी बॉयनला मी बेइमान म्हणणार नाहीं. त्यानें करारांतला एकही शब्द मोडला नाहीं. परंतु ज्या शत्रूचा अनुभव घेऊन ही फौज उभारली, त्याच शत्रूशीं तिचा सेनापति लढणार नव्हता, हें पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें. अकरा वर्षांच्या जयजयकारांत त्या अटीचा सर्वांस विसर पडला.

तो स्वतः अपार संपत्ति घेऊन १७९७ च्या आरंभीं इंग्लंडांत पोहोंचला. त्याची लखनौकडील पत्नी व दोन मुलें तेथें होतीं. तरीही त्यानें एका तरुण फ्रेंच सरदारकन्येशीं दुसरा विवाह केला, आणि तो सुखाचा झाला नाहीं. पुढें तो शांबेरीस परतला. तेथें त्यानें रुग्णालय, वृद्धांसाठीं आश्रम अशा कामांत सढळ हातानें पैसा खर्चिला आणि १८३० मध्यें वारला. गांवकऱ्यांनीं १८३८ मध्यें त्याचें स्मारक उभारलें. चार दिशांना चार हत्ती, आणि त्यांच्या सोंडांतून पाण्याच्या धारा, असें तें कारंजें आहे. हत्तींचे पुढचे भागच तेवढे दाखविले आहेत, मागचे नाहींत. त्यावरून तेथील लोक थट्टाही करतात. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं हिंदुस्थानी हत्ती उभे आहेत, त्यांत शिंद्यांच्या दौलतीचा वांटा आहे, हें तें कारंजें पाहणाऱ्यांपैकीं कितीजणांस ठाऊक असेल?

माझ्या वर्गांत शेजाऱ्याच्या पाटीवरून त्रैराशिक उतरून घेणारीं मुलें असत. उत्तर बरोबर येई, आणि मी कांहीं विचारण्यापूर्वींच मुलगा खूष होई. मी त्याला जागेवरून उठवून एकटा फळ्यापाशीं बोलावीत असें. १८०३ सालीं शिंद्यांच्या दौलतीला काळानें असेंच फळ्यापाशीं बोलाविलें. आज आमच्या चिंचवडाच्या आसपास कारखान्यांच्या रांगा उभ्या आहेत, आणि परदेशांतून यंत्रें येत असतात. तीं यावींत, परक्याकडून विद्या घेण्यांत कमीपणा नाहीं, महादजीनें ती घेतली हें त्याचें शहाणपणच होय. फक्त तें यंत्र बंद पडलें असतां उघडून पाहणारा, त्याचा दोष ओळखणारा आणि उद्यां तसेंच दुसरें घडविणारा मुलगा आपल्या घरचा आहे कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें वेळींच पाहावें. वडगांवचें स्टेशन पुन्हां वाटेंत लागलें, तर श्रोत्यांनीं खिडकीबाहेर एकवार अवश्य पाहावें, आणि बरोबर मुलें असतील तर त्यांना ही गोष्ट सांगावी.