सही कोणाची?

पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने २०२० मध्ये क्रिस्तो आणि जान-क्लोद या दांपत्याच्या कामाचे प्रदर्शन भरवले. त्याच्या केंद्रस्थानी होता १९८५ साली १४ दिवस कापडात गुंडाळलेला पाँ नफ हा पूल. पण भिंतीवर दिसतात ती रेखाटने क्रिस्तोच्या हातची. मग जान-क्लोदचा वाटा कुठे? माझ्या मते तो विक्रीत, वाटाघाटीत, परवानग्यांत शोधावा. रेखाटने विकूनच खर्च निघे. पुलाच्या परवानगीसाठी दहा वर्षे खपावे लागले. अशा कामाला आपण ‘हातभार’ म्हणून मोकळे होतो. १९९४ मध्ये दोघांनी उघड्यावरच्या सर्व मोठ्या कलाकृतींचे श्रेय पूर्वलक्षी प्रभावाने संयुक्त केले. रेखाटनांवर सही मात्र क्रिस्तोचीच राहिली. हिशेब चोख होता : कागद एकाचा, पूल दोघांचा.