मारुती ८०० चं इंजिन घरी बांधताना



"अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने पुसत बसशील," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. काही घरांत ते आजही रोज म्हटलं जातं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या धाकट्या भावाने आमच्या घरच्या १९९८ सालच्या मारुती ८०० चं इंजिन अंगणात खोललं आणि पुन्हा बांधलं. गाडी वडिलांची. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास जात होता, त्यामुळे भंगारात द्यायची की स्वतः हात घालायचा, एवढेच दोन रस्ते उरले होते. हे काम पहिल्यांदा करणाऱ्याला त्यात काय काय लागतं, ते इथे सांगतो. वाचन, मोजमाप आणि दशांश अपूर्णांक यात किती आहेत ते तुम्हीच बघा.

शिकायला हे इंजिन फार चांगलं. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हाती आली आणि उत्पादन थांबलं ते २०१४ च्या जानेवारीत. तीस वर्षं चाललेली गाडी, म्हणून सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८.५ मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली धाव ७२ मिमी. आता वरच्या वर्गातल्या मुलांना फळ्यावर करायला लावा: त्रिज्या ३.४२५ सेमी, उंची ७.२ सेमी, वृत्तचितीचं घनफळ काढा आणि तिनाने गुणा. उत्तर ७९६ च्या आसपास येतं. गाडीच्या कागदपत्रांवरचा आकडा आपल्या वहीत उतरलेला बघून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण पान्याला हात लावण्याआधी इंजिन खरोखर खोलायला हवं का, ते ठरवा. धूर बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो बहुतेक वेळा कार्बोरेटरचा विषय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मात्र निळ्यातही फरक आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना धुराचा एकच लोट येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे सील गेलेले असू शकतात आणि त्यासाठी संपूर्ण इंजिन उतरवावं लागत नाही. चढावर जोर दिला की मागे निळा पडदा तयार होत असेल, तर रिंगा आणि बोअर झिजले असण्याची शक्यता मोठी.

खात्री करायला कॉम्प्रेशन गेज लावा. तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्या. ज्याचा आकडा कमी आहे त्यात स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. ऑइलने रिंगेभोवतीची फट थोडा वेळ बुजते. आकडा चांगला वाढला तर दोष रिंग-बोअरचा. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा. पाचवी-सहावीच्या विज्ञानात आपण प्रयोग म्हणजे दुसरं काय शिकवतो?

खोलण्याचं काम दिसायला धिप्पाड, पण खरं तर ते नोंदवहीचं आहे. बॅटरीची तार आधी काढा. इंजिन थंड असतानाच कूलंट आणि ऑइल उतरवा. कूलंट उघड्यावर ठेवू नका, चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, खाली घोड्या लावायच्याच. इंजिन उचलायला चेनपुली भाड्याने मिळते, पण ती पत्र्याच्या शेडच्या पाइपाला टांगू नका. मुलांना या सगळ्यापासून आणि पेट्रोलपासून लांब ठेवा. त्यांना चिठ्ठ्यांचं काम द्या. आमच्याकडे सातवीतल्या पुतणीने प्रत्येक बोल्टची पिशवी, त्यावर कुठला बोल्ट, किती नग आणि तारीख असं सगळं लिहिलं. वायर आणि होज काढण्याआधी फोटो काढले, वर चिकटपट्टीवर क्रमांकही घातले. बांधताना फोटोपेक्षा तिची चिकटपट्टीच जास्त उपयोगी पडली.

कनेक्टिंग रॉड आणि त्याची टोपी ही जोडी असते. एकाची टोपी दुसऱ्याला बसवायची नाही, उलटीही नाही. मेन बेअरिंगच्या टोप्यांचंही तसंच, चारही आपापल्या जागी. काढण्याआधीच खुणा करा.

आता मोजमाप. हा माझा आवडता भाग. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाजवळ, जिथून पिस्टन परत फिरतो, तिथे उष्णता आणि दाब जास्त आणि ऑइल कमी, म्हणून झीज सर्वांत जास्त. खाली कमी. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरपा होऊन पिस्टनला बाजूला रेटतो, म्हणून गोल असलेला बोअर किंचित अंडाकृती होतो. एका सिलिंडरला वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी माप घ्यायचं. सहा मापं, तीन सिलिंडर, एकूण अठरा. ती तक्त्यात मांडा. वर-खालच्या मापांतला फरक म्हणजे निमुळतेपणा, आडव्या-उभ्या मापांतला फरक म्हणजे अंडाकृतीपणा. दोन्ही आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघायचे. बोअर गेज नसेल तर रिबोरिंगवाल्याकडे ब्लॉक नेऊन समोर बसून मोजून घ्या.

मायक्रोमीटरचं लघुत्तम माप ०.०१ मिमी. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. दशांशाच्या दुसऱ्या स्थानाला काय अर्थ आहे, हे मुलाला पटवायला याहून चांगलं साधन मला सापडलेलं नाही. ६८.५३ आणि ६८.६१ हे वहीत जवळजवळ सारखे दिसतात. पण एका मापावर नुसत्या रिंगा बदलून भागेल, तर दुसऱ्यावर बोअर मारून मोठे पिस्टन घालावे लागतील.

इथेच घरच्या कामाची हद्द संपते. बोअर मारणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचं फेसिंग, ही लेथ-मशीनवाल्यांची कामं. पहिल्यांदा करणाऱ्याने ती घरी करायच्या फंदात पडू नये. आम्ही ज्यांच्याकडे ब्लॉक नेला, ते गृहस्थ आठवी शिकलेले. ते म्हणाले, "गुरुजी, आधी पिस्टन आणा, मग मी बोअर मारतो." कारण पिस्टनच्या प्रत्यक्ष मापाला ठराविक फट मिळवून बोअर ठरतो, डब्यावरच्या छापील आकड्यावरून नाही. आमच्या गाडीला ०.५० मिमी मोठे पिस्टन लागले. व्यास ६९ मिमी झाला. पुतणीने पुन्हा घनफळ काढलं, ७९६ चे जवळपास ८०८ सीसी. अर्ध्या मिलिमीटरने बारा सीसी वाढले! ब्लॉक तोच ठेवल्यामुळे त्यावरचा इंजिन नंबरही तोच राहिला. ब्लॉक बदलला असता तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागली असती.

बोअर होऊन आलेला ब्लॉक नुसत्या डिझेलने धुऊन चालत नाही. होनिंगची बारीक कच डिझेलने पूर्ण निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. मग लगेच कोरडं करून ऑइलचा हात, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

रिंगांची तोंडं मोजायला विसरू नका. रिंग एकटीच बोअरमध्ये सरळ बसवा आणि तोंडाची फट फीलर गेजने बघा. ढोबळ हिशेब असा की व्यासाच्या दर २५ मिमीला ०.१० मिमी, म्हणजे आपल्याकडे पाव मिलिमीटरहून थोडी जास्त. शेवटचा शब्द मॅन्युअलचा. फट फार कमी असेल तर तापल्यावर रिंग फुगून टोकाला टोक भिडतं आणि बोअर ओरबाडला जातो. उन्हाळ्यात रुळांमध्ये फट का ठेवतात, हा धडा आठवा.

हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर जात, तीन टप्प्यांत आवळायचे. काढताना उलट, कडेचे आधी. पुठ्ठ्यावर कागद चिकटवताना आपण हात मधून कडेला फिरवतो, तसंच. टॉर्क रेंचशिवाय हे काम करू नका, कोणाकडून तरी मागून आणा. मॅन्युअलमध्ये समजा ५ किलोग्रॅम-मीटर लिहिलंय, तर त्याचा अर्थ अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर १० किलोचा जोर. तरफ शिकवताना हे उदाहरण घ्या.

टायमिंग बेल्ट बसवताना क्रँकची आणि कॅमची खूण जुळवायची. मग क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कॅमचा तेवढ्यात एकच फेरा होतो. दोन्ही खुणा परत जागेवर आल्या, तरच पुढे जा. मध्येच अडलं तर जोर लावू नका, कारण शोधा.

सुरू करण्याआधी प्लग काढून ठेवा, ठिणगीची जोडणी तोडा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, म्हणजे कोरडी बेअरिंग फिरत नाहीत. सुरू झाल्यावर तासभर नुसतं उभं ठेवून चालवायचं नाही. रिंगा बोअरशी बसायला थोडा भार लागतो. रस्त्यावर न्या, वेग कमी-जास्त ठेवा, एकदम पूर्ण जोर देऊ नका. ३००० फेऱ्यांना पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली जातो, म्हणजे सरासरी ७.२ मीटर प्रतिसेकंद. नव्या रिंगेचं काय होत असेल, विचार करा.

पहिलं ऑइल लवकर, पाचशे किलोमीटरच्या आत बदला आणि फेकण्याआधी पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्याखालून चुंबक फिरवा, हे काम मुलांना हातमोजे घालून देता येतं. करड्या पिठासारखी पूड दिसली तर काळजी नको, नवे भाग एकमेकांशी बसताना तेवढी येतेच. पण बोटाला टोचणारे चकचकीत कण दिसले, मग ते चुंबकाला चिकटोत किंवा न चिकटोत, तर गाडी तिथेच थांबवा आणि चेंबर खाली घेऊन बेअरिंग बघा. आमच्या फडक्यावर फक्त पूड निघाली.